रिकी मार्टिन गायक होता ना, मग तो अभिनेता कधी झाला?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की 'पाम रॉयल' मालिका बघताना क्लबच्या बारमागे उभा असलेला माणूस ओळखीचा वाटला, आणि नावं बघितली तर तो रिकी मार्टिन निघाला. हा तोच नाचगाण्याचा रिकी मार्टिन का, आणि गाणी चालेनाशी झाल्यावर काही जण अभिनयाकडे वळतात तसाच हाही वळला का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माणूस तोच आहे. वळण्याची गोष्ट मात्र तशी नाही. 1999 साली त्याचं नाव जगभर घरोघरी पोचलं, त्याच्या आधीच तो मेक्सिकोत मालिका, अमेरिकेत मालिका आणि न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाटक करून मोकळा झाला होता. आपल्याला तो मधूनच भेटला, म्हणून क्रम उलटा वाटतो.

मलाही तो मधूनच भेटला. 1999 च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा देऊन मी सोलापूरच्या नवी पेठेत मामाच्या कॅसेटच्या दुकानात बसत होतो. इंग्रजी कॅसेटींना मागच्या बाजूला एकच खण होता, त्यात पंधरा-वीस कॅसेटी. त्या महाग, त्यामुळे धूळ खात पडायच्या. एका दुपारी पूर्व भागातला, यंत्रमागावर काम करणारा एक मुलगा आला. केसांत कापसाची तूस तशीच होती. त्याला ना गाण्याचं नाव माहीत, ना गाणाऱ्याचं. काउंटरवर बोटं आपटत म्हणाला, "ते आकडे मोजतंय बघा वो. इंग्लिश नाही ते, दुसरंच कायतरी हाय." आणि मला कळेना म्हणून दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यानं कंबर हलवून दाखवली. ते होतं रिकी मार्टिनचं स्पॅनिश गाणं 'मारिया'. मामानं डेकवर लावलं, पोरानं पूर्ण ऐकलं, निम्मे पैसे दिले, उरलेले पुढच्या पगाराला आणून दिले. त्याच महिन्यात रिकीचा पहिला इंग्रजी अल्बम आला आणि तो खण पहिल्यांदा रिकामा झाला.

त्या अल्बमच्या कव्हरच्या आतल्या घडीत, अगदी बारीक अक्षरांत, रॉबी रोसा असं एक नाव होतं. गिऱ्हाईक नसताना मी ती कव्हरं वाचत बसायचो, म्हणून ते लक्षात राहिलं. हा रॉबी रोसा कोण, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते कळल्यावर रिकी मार्टिनची सगळी गोष्ट उलगडली.

रिकीचा जन्म 24 डिसेंबर 1971 चा, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सान हुआनचा. नाव एन्रिके मार्टिन मोरालेस. तो दोन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. नवव्या वर्षापासून तो टीव्हीच्या जाहिरातींत काम करत होता, म्हणजे कॅमेऱ्याची ओळख गाण्याच्याही आधीची. त्या काळात पोर्तो रिकोत 'मेनुदो' नावाचा मुलांचा बँड होता. एदगार्दो दियास यांनी 1977 मध्ये काढलेला. लॅटिन अमेरिकेत या पोरांमागे मुली इतक्या वेड्या झाल्या होत्या की त्या वेडाला लोक आजाराचं नाव द्यावं तसं 'मेनुदितिस' म्हणायचे. रिकीला या बँडनं आधी नाकारलं, फार लहानखुरा दिसतो म्हणून. तो पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि 1984 मध्ये, बाराव्या वर्षी, घेतला गेला. त्याच बँडमध्ये त्याच्या बरोबरीनं गाणारा एक मुलगा म्हणजे रॉबी रोसा.

मेनुदोचा एक नियम होता. मुलगा साधारण सोळाचा झाला, आवाज फुटला, मिसरूड दिसू लागली, की त्यानं बाहेर पडायचं आणि त्याच्या जागी नवा लहान मुलगा यायचा. बँडचं नाव तेच, पोरं बदलत राहायची.

हे वाचल्यावर मला परकं काही वाटलं नाही, कारण आपल्या संगीत नाटक मंडळ्यांमध्ये हेच चालायचं. गोड गळ्याचा पोरगा स्त्रीभूमिकेसाठी उचलायचा, गावोगाव त्याचं नाव व्हायचं, आणि एक दिवस आवाज फुटला की कंपनीत त्याचं काय करायचं हा प्रश्न. केशवराव भोसले लहानपणी शारदेच्या भूमिकेत गाजले. लोकांनी त्या मुलाला डोक्यावर घेतलं होतं. ते तिथंच संपले नाहीत. 1908 मध्ये त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, आणि 1921 च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. पोरवयातल्या कौतुकातून पुरुषाच्या भूमिकेपर्यंत पोचायला मधली काही वर्षं खर्ची घालावी लागतात. टीन आयडॉल म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती वर्षंच मिळत नाहीत, किंवा मिळाली तर ती कशी काढावीत हे कळत नाही.

रिकीनं ती काढली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षांत आहे. 1989 मध्ये, सतराव्या वर्षी, तो बँडमधून बाहेर पडला. पाच वर्षं सतत दौरे, तालमी, ठरवून दिलेले कपडे, ठरवून दिलेल्या उड्या. घरातही बिनसलं होतं, आईकडे की वडिलांकडे या ओढाताणीत वडिलांशी अबोला धरला गेला आणि तो अनेक वर्षं टिकला. तो न्यूयॉर्कला गेला, तिथं काही काळ काहीच केलं नाही, मग मेक्सिकोला गेला. तिथं आधी एका संगीत नाटकात उभा राहिला. 1991 मध्ये 'आल्कान्सार उना एस्त्रेया 2' या मालिकेत त्याला काम मिळालं. मालिका गाणाऱ्या तरुण पोरांचीच होती, त्यामुळे गाणं आणि अभिनय एकाच दिवसाच्या शूटिंगमध्ये. त्याचा पहिला स्वतंत्र अल्बमही त्याच वर्षी आला.

मग 1994 मध्ये अमेरिकेतली 'जनरल हॉस्पिटल'. दुपारी रोज लागणारी, वर्षानुवर्षं चालणारी मालिका. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिका जशा घरात मुरतात, तशी. त्यात तो मिगेल मोरेस झाला. पोर्तो रिकोचा, गाणारा, मागे एक गुपित सोडून आलेला तरुण. केस खांद्यापर्यंत. अशा मालिकांना लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. संवाद आदल्या दिवशी हातात पडतात, दुसऱ्यांदा टेक घ्यायला वेळ नसतो, आणि परक्या भाषेत रडायचं असतं. नटाला घडवायला ही भट्टी फार चांगली. तिथून तो 1996 मध्ये ब्रॉडवेवर 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकात मारियुस म्हणून उभा राहिला, काही आठवड्यांसाठीच. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

याच काळात रॉबी रोसा त्याच्या आयुष्यात परत आला. 'मारिया'च्या मागे तो होता, 1998 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या गाण्याच्या मागे तो होता, आणि 1999 मध्ये ज्या गाण्यानं अमेरिकेच्या यादीत पाच आठवडे पहिला नंबर सोडला नाही, ते 'लिव्हिन ला विदा लोका' त्यानं डेस्मंड चाइल्डबरोबर लिहिलं होतं. म्हणजे मेनुदोतून बाहेर पडलेल्या दोन पोरांनी मिळून ते वादळ उठवलं. कव्हरच्या घडीतलं बारीक अक्षर ते हे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, ग्रॅमी, मासिकांची मुखपृष्ठं, जगभर दौरे. त्यावर जास्त लिहीत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याच प्रकाशात चाललेली दुसरी गोष्ट. तो समलैंगिक होता आणि ते सांगू शकत नव्हता. त्याचं सगळं विकलं जात होतं ते मुलींच्या स्वप्नातला पुरुष म्हणून. 2000 मध्ये बार्बरा वॉल्टर्स यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याला याबद्दल थेट छेडलं, तो उत्तर टाळत राहिला. तो प्रश्न आपण विचारायला नको होता, असं त्यांनी स्वतःच दहा वर्षांनी कबूल केलं. 2002 मध्ये तो भारतात आला होता. कोलकात्यात रस्त्यावरच्या तीन मुलींना वाचवण्याच्या कामात त्यानं हात घातला, आणि मुलांच्या तस्करीविरुद्धचं त्याच्या संस्थेचं काम तिथून सुरू झालं. 2008 मध्ये त्याला सरोगसीतून जुळे मुलगे झाले. 29 मार्च 2010 रोजी त्यानं आपल्या संकेतस्थळावर लिहून टाकलं की मी समलैंगिक आहे आणि याचं मला समाधान आहे. ही मुलं आपल्याकडे बघत मोठी होणार, त्यांच्यासमोर खोटं कसं जगायचं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

अभिनेता म्हणून तो खुलला तो यानंतर, असं माझं मत आहे. 2012 मध्ये ब्रॉडवेवर 'एविता' या संगीत नाटकात त्यानं 'चे' ही भूमिका केली. नाटकाला गर्दी झाली, समीक्षकांनी मात्र त्याला संमिश्रच घेतलं, ब्रॉडवेच्या नाटकांना दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्काराचं नामांकन त्याला मिळालं नाही. ती दाद आली 2018 मध्ये. डिझायनर जियान्नी वर्साची याचा 15 जुलै 1997 रोजी मायामी बीचवर घराच्या दारात खून झाला, त्यावर 'अमेरिकन क्राइम स्टोरी' या मालिकेचा दुसरा हंगाम आहे. वर्साचीचा जोडीदार आंतोनिओ दामिको याची भूमिका रिकीनं केली, आणि तिला टीव्हीसाठीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

पहिल्या भागात एक प्रसंग आहे. आंतोनिओ पांढऱ्या कपड्यांत बसलाय, अंगावर त्याच्याच माणसाचं रक्त वाळलेलं, आणि समोरचा पोलीस त्यांच्या नात्याबद्दल विचारतोय. जोडीदार म्हणजे काय, हे त्या पोलिसाला समजतच नाही. रिकी तिथं आवाज चढवत नाही. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात लाज, राग आणि थकवा तिन्ही दिसतात. ज्या माणसाला टीव्हीवर सगळ्या जगासमोर असाच प्रश्न विचारला गेला होता, त्याला ते थांबणं कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्ही पाहिलेल्या 'पाम रॉयल'मधला रॉबर्ट याच वाटेवरचा पुढचा टप्पा. 1969 चा काळ, श्रीमंतांचा क्लब, तो पेये देणारा, सगळं ऐकणारा, स्वतःबद्दल काही न बोलणारा. वीस हजार लोकांसमोर नाचलेला माणूस इथं ग्लास पुसत उभा राहतो आणि नजर त्याच्यावर जाते.

आपल्या मराठीत 'गायक नट' हा एकच शब्द आहे, दोन धंदे नाहीत. आमच्या सोलापूरच्याच फैय्याज 'कट्यार काळजात घुसली'मध्ये झरीना झाल्या, तेव्हा गायिका अभिनयाकडे कशी वळली असं कुणी विचारलं नाही. रिकीकडे त्याच डोळ्यांनी बघा, म्हणजे तो मधेच कुठं वळल्यासारखा वाटणार नाही.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण सांगतो. मी आता गाण्याचे क्लास घेतो. तेरा वर्षांचा एक मुलगा चार वर्षं माझ्याकडे येतोय. गणपतीच्या दिवसांत मंडळं त्याला बोलावतात, नाक्यावर लोक थांबवून त्याचे फोटो काढतात. गेल्या महिन्यात वरच्या सा ला त्याचा आवाज चिरला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा चिरला. मग त्यानं पेटीचा भाता हळूच बंद करून खटका लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, आता संपलं का?" त्याची आई दारात चप्पल घालून उभी होती, तिलाही हेच विचारायचं होतं. मी त्याला सहा महिने वरच्या सप्तकात गायचं नाही असं सांगितलं. खर्ज लावायचा, आणि दर शनिवारी एक उतारा मोठ्यानं वाचून, पाठ करून, उभं राहून म्हणायचा. पहिला शनिवार अवघड गेला. दुसऱ्या शनिवारी तो शारदेतला एक संवाद म्हणताना मधेच थांबला. विसरला म्हणून नाही. त्या मुलीला तिथं काय वाटलं असेल याचा विचार करत थांबला.

तुम्हाला पुढं बघायचं असेल तर आधी वर्साचीचा हंगाम बघा, निदान पहिला भाग. 'एविता'चं ब्रॉडवेवरचं ध्वनिमुद्रण मिळतं, तेही ऐका. आणि 'मारिया' लावलंत तर जरा मोठ्या आवाजात लावा.