घाटातच गाडी का तापते?

प्रश्न : माझी २००८ ची डिझेल पिकअप आहे. चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून कराडला नेतो. सपाटीला काही त्रास नाही, पण कुंभार्ली घाट अर्धा चढला की काटा लालमध्ये. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, तरी फरक नाही. पाणी बोअरचंच घालतो.

उत्तर : दादा, दुखणं तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, अगदी चहाच्या भांड्याला बसतात तसे. सपाटीला उरलेल्या नळ्या भागवतात. भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरवर चढताना उष्णता जास्त आणि वारा कमी, तिथे त्या पुऱ्या पडत नाहीत. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या. नळ्यांचा गाळा फारच गंजला असेल तर सरळ नवा टाका. त्याच वेळी बाहेरच्या जाळीतली माती उलट्या बाजूने धुवा, फॅनचा पट्टा आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं.

थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, मला मुळीच पटत नाही. इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं. नवा बसवा, आधी पातेल्यात गरम पाण्यात सोडा, उकळायच्या आत उघडला पाहिजे. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

एवढं करूनही कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेलं समजा. आणि तापल्या गाडीचं झाकण उघडू नका. माझ्या डाव्या मनगटावर १९९४ चा डाग अजून आहे.