सोनोग्राफीत स्वादुपिंड 'गॅसमुळे दिसलं नाही' म्हणजे नक्की काय समजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग. महिनाभर जेवण झालं की बेंबीच्या वर दुखतंय. सोनोग्राफी केली, तर रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड टू' आणि एका ओळीत 'पॅन्क्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस', म्हणजे आतड्यातल्या गॅसमागे स्वादुपिंड झाकलं गेलं. शेवटच्या इम्प्रेशनमध्ये, म्हणजे निष्कर्षात, फक्त फॅटी लिव्हर. आई म्हणते स्वादुपिंड ठीक आहे, चुलते म्हणतात मशीन जुनं असणार, सांगलीला न्या.

मी सांगलीतच सोनोग्राफी करतो, अठरा वर्षं झाली. म्हणजे चुलते ज्या मशीनकडे न्यायला सांगताहेत, तसल्याच एका मशीनसमोर मी दिवसभर बसलेला असतो.

त्या ओळीचा अर्थ इतकाच, की डॉक्टरांना स्वादुपिंड दिसलं नाही. ते चांगलं की वाईट, यावर रिपोर्ट गप्प आहे. इम्प्रेशनमध्ये नाव नाही म्हणून ते ठीक असं धरू नका. आणि मशीनलाही बोल लावू नका. कितीही महागडं मशीन आणलं तरी गॅसच्या पलीकडचं त्याला दिसत नाही.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी. मांस, रक्त, पाणी यांतून त्या सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातात आणि ठिकठिकाणी आपटून परत येतात, त्यांचं चित्र बनतं. वाटेत हवा लागली की जवळजवळ सगळ्याच तिथूनच माघारी फिरतात. पोटाला ते गार जेल चोपडतो तेही याचसाठी, प्रोब (पोटावर फिरवतो ते उपकरण) आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. लिव्हर उजव्या फासळ्यांखाली ऐसपैस पसरलेलं, चांगलं दीड किलोच्या घरातलं. ते बहुतेक वेळा दिसतंच. स्वादुपिंड मात्र वीतभर लांबीचं, पाठीच्या मणक्याला चिकटून आडवं पडलेलं, आणि त्याच्यासमोर जठर नि मोठं आतडं. ही दोन्ही हवेची घरं. तिथे आम्ही आधी प्लीहेकडून येणारी शीर शोधतो, एक आडवा काळा पट्टा. त्याच्या पुढ्यात जी राखाडी पट्टी दिसते ते स्वादुपिंड. शीरच दिसली नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मध्यंतरी जतकडचे एक आजोबा आले होते. विचारलं, "उपाशीपोटी आलाय ना?"

"व्हय की."

"काहीच खाल्लं नाही?"

"काय न्हाई. ष्टँडवर च्या घेतला, नि मूठभर भडंग."

दुधाच्या चहाने पित्ताशय आकसलेलं, त्यामुळे त्यात खडा आहे की नाही ते नीट कळेना. भडंगाने जठर भरलेलं. वर गालात तंबाखू, म्हणजे गिळलेली हवा वेगळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत बोलावलं. आधी कोऱ्या पोटी पित्ताशय पाहून घेतलं, मग दोन ग्लास पाणी सावकाश प्यायला दिलं. घटाघटा प्यायलं की पाण्याबरोबर हवाही जाते. डाव्या कुशीवर वळवलं, उजव्या कुशीवर वळवलं, उठून बसवलं, श्वास भरून धरायला लावला. पाण्याने भरलेलं जठर पडद्यावर काळं दिसतं आणि खिडकीसारखं उपयोगी पडतं. त्या खिडकीतून स्वादुपिंडाचं डोकं आणि मधला भाग स्वच्छ दिसला. शेपटी तेव्हाही नाहीच दिसली, आणि रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं.

आता फॅटी लिव्हर. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते पडद्यावर जास्त पांढरं दिसतं. किती पांढरं, ते शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून ठरवतो. नुसतं उजळ झालं तर ग्रेड वन, आतल्या शिरांच्या कडा पुसट झाल्या तर टू, मागचा पडदा म्हणजे डायफ्रॅम दिसेनासा झाला तर थ्री. हे सगळं डोळ्यांनी. एकाने टू म्हटलेलं दुसरा वन म्हणू शकतो, त्यामुळे सहा महिन्यांनी 'डॉक्टर, ग्रेड उतरली का?' म्हणून येणाऱ्यांची मला जरा दयाच येते. लिव्हर कडक होतंय का, हा खरा प्रश्न असतो, आणि तो ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी रक्तातल्या एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्या) आणि प्लेटलेट्स वयाबरोबर मांडून हिशेब करतात, गरज वाटली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी.

पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला खटकतंय ते वेगळंच. फॅटी लिव्हर बहुधा दुखत नाही. जेवल्यावर बेंबीच्या वर दुखायचं कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं मला पटत नाही. चाळिशी-पन्नाशीपुढे पोट सुटलेल्या कुणाचीही सोनोग्राफी करा, फॅटी लिव्हर पुष्कळदा निघतं. निघालं की घरच्यांना हायसं वाटतं, दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटतं आणि पुढचा शोध थांबतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः ठेच खाल्ली आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. साठीच्या एक बाई, वरच्या पोटात दुखून पाठीत कळ जायची. बाहेर वीसेक पेशंट खोळंबलेले. लिव्हर पांढरं, त्यामागे सगळा गॅस. आमच्या कॉम्प्युटरवर रिपोर्टचा साचा तयार असतो, त्यात 'पॅन्क्रियाज नॉर्मल' हे आधीच टाइप केलेलं. मी लिव्हरची ओळ बदलली, ही ओळ तशीच राहू दिली. तीन महिन्यांनी त्या काविळीने पिवळ्या होऊन आल्या. पित्तनलिका १४ मिलिमीटर, जी एरवी सहा-सातच्या आत असते. पित्ताशय फुगलेलं. स्वादुपिंडातली नळी, तीन मिलिमीटरच्या आत असायला हवी, तीही रुंद. गाठ तेव्हासुद्धा गॅसमागेच होती, पण दोन्ही नळ्या तुंबल्या म्हणजे अडथळा दोघींच्या संगमाशी, स्वादुपिंडाच्या डोक्यात. सीटीत तेच निघालं. माझ्या साच्यात आता त्या ओळीची जागा कोरी आहे.

म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये 'दिसलं नाही' असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्यावर चिडू नका. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. त्याच रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा: पित्तनलिकेचं माप किती लिहिलंय, आणि पित्ताशय 'कॉन्ट्रॅक्टेड', म्हणजे आकसलेलं, असं तर लिहिलेलं नाही ना. तसं असेल तर खड्यांचाही निकाल लागलेला नाही, आणि जेवल्यावर दुखण्याला पित्ताचे खडे हे अगदी नेहमीचं कारण आहे.

पुढे काय, ते वडिलांच्या लक्षणांवर ठरेल. वजन उतरलंय, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, शौचाला पांढरट तेलकट, दुखणं पाठीत जातंय आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतंय, किंवा पन्नाशीनंतर एकाएकी साखर निघाली, यातलं एकही असेल तर दुसऱ्या सोनोग्राफीत वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवून थेट कॉन्ट्रास्ट सीटीचं (शिरेतून औषध सोडून काढलेल्या सीटी स्कॅनचं) विचारा; त्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतील. दारू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यातूनही उलगडलं नाही तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी असते. दुर्बिणीच्या टोकाला प्रोब, तो जठरात उतरवून भिंतीपलीकडचं स्वादुपिंड बघतात. आतूनच बघितल्यावर गॅसची आडकाठी फारशी राहत नाही.

अचानक असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान मुख्यतः दुखणं आणि रक्तातल्या लायपेज, अमायलेज या स्वादुपिंडाच्या पाचकरसांवर होतं, ही पातळी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट असावी लागते. तिथे सोनोग्राफी करतात ती खड्यामुळे झालंय का ते बघायला.

यातलं काहीच नसेल तर आधी फिजिशियनला दाखवा, कारण साधा अल्सरही असाच दुखतो आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही. सोनोग्राफी पुन्हा नीट तयारीने करून घ्या, तासगावात केलीत तरी चालेल. रिपोर्टबरोबरचे फोटो मला पाठवू का, असं शेवटी विचारलंय. नको. प्रोब फिरवताना जे दिसतं ते बघून निदान होतं, त्या चार थिजलेल्या फोटोंवरून मी काही सांगितलं तर तो जुगार होईल.

सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आदल्या रात्री हलकं जेवण, मग आठ तास काही नाही. चहा नाही, तंबाखू नाही. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी आपल्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा. जुना रिपोर्ट बरोबर न्या. आणि भडंग पिशवीत असू द्या, बाहेर आल्यावर लागेलच.