सोलर पॅनेलला वीज दिली तर ते दिव्यासारखं उजळेल का?

तुम्ही विचारलंय: एलईडी आणि सोलर सेल दोन्ही सेमीकंडक्टरचेच असतील, तर एलईडी उन्हात धरून वीज मिळेल का? पॅनेलमध्ये उलटी वीज सोडली तर ते उजळेल का? आणि तुमच्या मुलाचा प्रश्न, दिवाळीच्या माळेवर मोबाईल चार्ज होईल का?

पहिल्या दोन्हींचं उत्तर हो. तिसऱ्याचं शेवटी सांगते, नाहीतर मुलगा मधलं काही वाचणार नाही. मी ह्याच पदार्थांवर काम करते, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी करून बघा. पारदर्शक डोक्याचा साधा लाल एलईडी घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-चार रुपयांत मिळतो. त्याचे दोन पाय मल्टिमीटरला जोडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि एलईडीचं डोकं सरळ सूर्याकडे करा. एक ते दीड व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसेल. हाताने सावली केलीत की तो खाली येतो. आता घरात येऊन त्याच लाल एलईडीवर हिरवा लेझर पॉइंटर मारा (डोळ्यांत जाऊ देऊ नका), आकडा पुन्हा वर जाईल. पण हिरव्या एलईडीवर लाल लेझर मारलात तर मीटर जवळजवळ ढिम्म.

असं का, तर सेमीकंडक्टर म्हणजे मधला जिना नसलेलं दोन मजली घर समजा. इलेक्ट्रॉन खाली राहतात. प्रकाशाच्या कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, पुरेशी ताकद असेल तर तो इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावर ढकलतो. तो परत खाली पडायच्या आत त्याला तारेतून बाहेर काढला की झाला सोलर सेल. बॅटरीने इलेक्ट्रॉन वर पाठवला आणि खाली पडताना त्याने फोटॉन सोडला की झाला एलईडी. दोन मजल्यांमधलं अंतर म्हणजे बँड गॅप. सिलिकॉनमध्ये ते १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एक माप) आहे, गॅलियम आर्सेनाइडमध्ये १.४२, तर निळ्या एलईडीमागच्या गॅलियम नायट्राइडमध्ये ३.४. लाल फोटॉनची ताकद हिरव्यापेक्षा कमी, त्याला हिरव्या एलईडीचा वरचा मजला गाठताच येत नाही, म्हणून मीटर ढिम्म.

आता पॅनेल. एक दुरुस्ती करते: वीज उलटी द्यायची नाही. प्लसला प्लस आणि मायनसला मायनसच जोडायचं, अंधारात. पॅनेल खरंच उजळतं, पण तुम्हाला दिसणार नाही. सिलिकॉनचा उजेड अवरक्त असतो, साधारण ११५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. वरून सिलिकॉन ह्या कामात महाआळशी. त्यातल्या इलेक्ट्रॉनला खाली पडताना फोटॉन सोडायचा तर त्याच क्षणी स्फटिकाच्या अणूंच्या थरथरीचीही साथ लागते, आणि ती नेमकी वेळेवर मिळणं दुर्मीळ. साध्या पॅनेलमध्ये हजारातला एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन उजेड देतो, बाकीचे उष्णता. तरीही अवरक्त फिल्टर काढून टाकलेल्या कॅमेऱ्याला तेवढं पुरतं.

माझ्या मावसभावाच्या गच्चीवरचं एक पॅनेल बसवल्यापासून कमी वीज देत होतं. बसवणाऱ्यांनी "धूळ बसली असेल" म्हणून हात झटकले. त्याने ते उतरवून आमच्या लॅबमध्ये आणलं. काच धडधाकट, कुठे ओरखडासुद्धा नाही. दिवे मालवले, चाळीसेक व्होल्ट आणि आठ अँपिअर दिले, कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं ठेवलं. स्क्रीनवर राखाडी चौकोनांची रांग उमटली, आणि मधल्या चार चौकोनांत निष्पर्ण बाभळीच्या फांदीसारख्या काळ्या रेषा. एका चौकोनाचा कोपरा तर पार काळा. म्हणजे तिथे वीज पोचतच नव्हती. काचेवरून कोणीतरी पाय देऊन चाललं होतं, आतला केसाएवढा पातळ सिलिकॉन तडकला होता. (हे घरी करू नका. एवढा डीसी करंट खेळायची गोष्ट नाही.)

इथपर्यंत गंमत झाली. पण तुमच्या प्रश्नात नकळत एक खोल गोष्ट आलीय, आणि आमचा अर्धा धंदा तिच्यावर चालतो. सोलर सेल जितका चांगला, तितका तो चांगला एलईडीसुद्धा असावाच लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं होतं. आलेला प्रकाश परत बाहेर टाकणारा सेल चांगला कसा?

सोसायटीची पाण्याची टाकी घ्या. वरून पाणी पडतंय, नळ बंद आहे. टाकीत खाली भोकं असतील तर पाणी तिथून गळत राहतं आणि पातळी वर चढत नाही. भोकं बुजवली तर पातळी चढत चढत वरच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी सांडायला लागतं. ओव्हरफ्लो वाहतोय ह्याचा अर्थ खाली गळती नाही. सोलर सेलमध्ये पातळी म्हणजे व्होल्टेज, भोकं म्हणजे स्फटिकातले दोष, जिथे इलेक्ट्रॉन प्रकाश न देता नुसती उष्णता देऊन मरतो, आणि ओव्हरफ्लो म्हणजे बाहेर पडणारा उजेड. हा पाइप बंद करता येत नाही, कारण जो पदार्थ प्रकाश शोषतो तो प्रकाश सोडणारच. भोकं मात्र बुजवता येतात. हिशेबही सोपा आहे: उजेड दहापट घटला की व्होल्टेज साधारण ६० मिलिव्होल्टने खाली येतं.

ह्याचं सगळ्यात देखणं उदाहरण गॅलियम आर्सेनाइडचं. त्याच्या सेलच्या कार्यक्षमतेचा, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या किती भागाची वीज होते त्याचा, विक्रम २६ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. पदार्थ उत्तम होता, पण पाठीमागे जाडजूड पाया असायचा, आणि आत तयार झालेला उजेड खाली जाऊन त्यात विरायचा. भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की हा उजेड वाया घालवू नका. अल्टा डिव्हायसेस ह्या कंपनीने पातळ थर पायापासून सोडवून घेतला आणि पाठीला चकचकीत धातू लावला. फोटॉन आतल्या आत उसळ्या घेत पुन्हा पुन्हा शोषला जाऊ लागला. करंट होता तेवढाच राहिला, व्होल्टेज मात्र १.०३ वरून १.१२ वर गेलं आणि कार्यक्षमता २८.८ टक्क्यांवर. एका आरशाची करामत! (भाव मात्र उपग्रहांनाच परवडणारा.)

मी स्वतः पेरोव्हस्काइटवर काम करते. हे नाव मुळात उरल पर्वतात १८३९ मध्ये सापडलेल्या एका खनिजाचं. आमचे पदार्थ शिसं आणि आयोडीन-ब्रोमीनचे, फक्त अणूंची मांडणी त्या खनिजासारखी. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका ह्यांच्या गटाने त्याचा सोलर सेल केला तेव्हा तो ३.८ टक्क्यांचा होता. आज २६ च्या पुढे आहे, आणि सिलिकॉनवर बसवून केलेले जोडसेल ३३ च्या वर गेलेत. हाच पदार्थ २०१४ मध्ये एलईडी म्हणूनही चमकला. आयोडीनच्या जागी ब्रोमीन वाढवत गेलं की बँड गॅप वाढतो. ब्रोमीनवाल्या फिल्मवर, म्हणजे काचेवरच्या पातळ थरावर, नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की ती कैरीसारखी हिरवीगार पेटते. लॅबमध्ये पाहुणे आले की हा प्रयोग ठरलेला.

रोजचं काम एवढं रंगीत नसतं. नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालायचे, काचेच्या तुकड्यावर द्रावणाचा थेंब टाकून तो गरगर फिरवायचा, नेमक्या सेकंदाला दुसरं द्रावण सोडायचं. फिल्म पिवळटची तपकिरी होते, शंभर अंशाच्या हॉट प्लेटवर काळी. मग लेझर मारून ती किती उजेड देते ते मोजायचं. अजून सेल बनलेलाही नसतो, पण तो जास्तीत जास्त किती व्होल्ट देईल ते ह्या आकड्यावरून कळतं. खरी रडकथा पुढे आहे. करंट बाहेर काढायला त्यावर कार्बन-६० चा (साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंचा) थर चढवला की उजेड धपकन पडतो. फिल्म निर्दोष, पण दोन थरांच्या सांध्यावर भोकं. माझी गेली दोन वर्षं ह्या सांध्याची डागडुजी करण्यात गेली आहेत: मध्ये काय घालावं, किती पातळ घालावं.

टिकाऊपणाचा प्रश्न आहेच. जुलैत एक फिल्म चुकून पेटीबाहेर टेबलावर राहिली. दोन दिवस सुट्टी होती. येऊन बघते तर काळीची हळदीसारखी पिवळी, नुसतं लेड आयोडाइड उरलेलं. आपल्याकडच्या पावसाळ्याला तोंड देऊ शकेल असं आवरण हवं आणि आतलं शिसं बाहेर झिरपू नये, ह्या दोन गोष्टी जमल्याशिवाय हे पॅनेल मी तरी माझ्या गच्चीवर लावणार नाही.

आता चिरंजीवांचा मोबाईल. एलईडीची चिप जेमतेम पाव-एक मिलिमीटरची, त्यामुळे कडक उन्हातही एकीतून वीस-तीस मायक्रोअँपिअर निघाले तर पुष्कळ. फोनला ५ व्होल्ट आणि निदान १ अँपिअर हवा. म्हणजे चार-चार एलईडी ओळीने जोडून अशा चाळीसेक हजार ओळी, एकूण दीड लाखाच्या वर एलईडी. शिवाय प्रत्येकाचं डोकं दिवसभर सूर्याकडे वळवत राहावं लागेल. ते काम मात्र त्यालाच द्या.