जाड ऑइल टाकलं की आवाज बसेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी पिकअप आहे, सीझनला नारायणगावहून टोमॅटो भरतो आणि माळशेज उतरून कल्याण नाहीतर वाशी. तीन महिन्यापूर्वी क्लचप्लेट टाकली तेव्हा गॅरेजवाल्याने गेअरबॉक्सचं ऑइलपण बदललं, तेव्हापासून पहाटे गाडी काढली की दुसऱ्यातून तिसरा टाकताना खर्रर्र करतं, ओतूर गेलं की जरा कमी होतं. रिव्हर्सला काही त्रास नाही. मिस्त्री म्हणतो अजून जाड ऑइल टाकू, आवाज बसेल. टाकू का? आणि हे काम घरी जमेल का?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : नका टाकू भाऊ. जाड ऑइलने आवाज दबतो, दुखणं तिथंच राहतं, आणि तुमच्या केसमध्ये मला तर वाटतं आधीच नको तेवढं जाड पडलंय. थंड असताना ओरडतो आणि गरम झाल्यावर सुधारतो, म्हणजे पहिला संशय ऑइलवरच. बऱ्याच ठिकाणी काय होतं, मागच्या हौजिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गेअरच्या गोळ्याचं (डिफरन्शियल), ८५डब्ल्यू-१४० हे जाड ऑइल ज्या डब्यात असतं त्यातलंच गेअरबॉक्समध्ये ओततात, "गेअर ऑइलच आहे ना" म्हणून. हौजिंगला बहुतेक जीएल-५ (दाब सोसणारे अ‍ॅडिटिव्ह जास्त असलेलं ऑइल) लागतं, पण बऱ्याच गेअरबॉक्सना जीएल-४ (तेच अ‍ॅडिटिव्ह कमी असलेलं) सांगितलेलं असतं. आत पितळी सिंक्रो रिंगा असतात, गेअर पडायच्या आधी ती रिंग छोट्या ब्रेकसारखी गेअरला घासून त्याचा स्पीड जुळवते. ऑइल फार जाड किंवा फार निसरडं असलं की रिंग पकडतच नाही, मग दात दातावर घासतात, तोच तुमचा खर्रर्र. शिवाय जीएल-५ मधल्या काही गंधकाच्या अ‍ॅडिटिव्हने पितळ खराब होऊ शकतं. तुमच्या मॉडेलला कोणतं ते गाडीच्या पुस्तकात बघा, दुकानदाराला विचारू नका, तो जे शिल्लक असेल ते देतो.

त्याआधी एक टेस्ट फुकटात करा. इंजिन बंद ठेवून सगळे गेअर टाकून बघा, मग चालू करून क्लच पूर्ण दाबून परत टाका. बंद असताना लोण्यासारखे पडले आणि चालू केल्यावर सगळेच अडायला लागले तर क्लच नीट सुटत नाहीये, ऑइलला दोष देऊ नका. पण तुमचा एकट्या तिसऱ्याचाच त्रास आहे, म्हणून क्लच नसावा.

घरी जमतं. गाडी पाचसहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरेल, आणि सपाट जागेवर लावा, नुसतं पुढून जॅकवर उचलली तर लेव्हल चुकते. चारी चाकं सारखी वर हवीत, आणि खाली घोडे (जॅकस्टँड) लावल्याशिवाय आत शिरू नका. आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करून बघायचा, मगच खालचा ड्रेन काढायचा. मी सुरुवातीच्या दिवसात उलटं केलं होतं, सगळं ऑइल परातीत आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, पाना फिरून कडा गोल झाल्या, गाडी दोन दिवस तशीच, आणि अंगाला तो सडक्या अंड्यासारखा वास.

निघालेलं ऑइल लगेच फेकू नका, स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात तिरकं करा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काळं मलमासारखं दिसेल, तेवढं चालतं. पण दाताचे तुकडे दिसले तर गेअरबॉक्स खोलावाच लागेल. ऑइलमध्ये सोनेरी चमक जास्त असेल तर रिंग झिजलीय, मग नवीन ऑइलने थोडा फरक पडेल पण गेलेलं पितळ परत येणार नाही.

बोल्टचे वायसर नवीन टाका, पंपाने किंवा नळी लावून भरा, त्याच भरायच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की बस. जास्त भरलं तर सीलमधून गळून तुमच्या नव्या क्लचप्लेटवर येऊ शकतं. जुनं ऑइल डब्यात भरून ठेवा, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका, भंगारवाले नेतात.

प्रश्न : पावसात पुलावरच्या पाण्यातून टेम्पो काढला, नंतर गेअरबॉक्सचं ऑइल चहासारखं दिसतंय. चालवू का?

उत्तर : दुधाचा चहा म्हणत असाल तर पाणी शिरलंय, चालवू नका. गरम गेअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) पाणी आत ओढतो. ऑइल काढा, भरा, थोडी गाडी फिरवून परत काढा, दुसऱ्यांदापण पांढरट आलं तर अजून एकदा, आणि ब्रीदर साफ करा. हौजिंगचं ऑइलपण बघा, ते कोणी बघत नाही.