वाचकांचे प्रश्न : खाऱ्या टाकीतली शेवाळाची जाळी

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या अल्गी स्क्रबरचे, म्हणजे शेवाळाने पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जाळीचे, होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. ज्यांनी स्क्रबर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : खडबडीत जाळीवरून टाकीचं पाणी सतत वाहतं ठेवायचं, तिच्यावर झगझगीत दिवा लावायचा आणि तिथे वाढलेलं शेवाळ दर आठवड्याला खरवडून फेकायचं. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन शेवाळ वाढतं. फेकलेल्या शेवाळाबरोबर तेही टाकीबाहेर जातं.

टाकी २०० लिटरची, खाली संप (पंप वगैरे ठेवायची जोडटाकी) आहे. पाच लहान मासे आणि थोडे मऊ प्रवाळ. रोज गोठवलेल्या खाद्याचे दोन क्यूब देतो. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दशलक्षात ४० भाग) खाली येतच नाही. किती मोठा स्क्रबर लागेल? – ठाणे

टाकीचे लिटर विसरा, खाद्य मोजा. रोजच्या एका क्यूबमागे १२ चौरस इंच जाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी उजेड, हा हिशेब धरा. तुम्हाला २४ चौरस इंच हवेत, म्हणजे ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच. एकाच बाजूने दिवा लावणार असाल तर क्षेत्रफळ दुप्पट करा.

रुखवताच्या वस्तू विणायला वापरतात ती प्लॅस्टिकची जाळी चालते. इंचाला सात भोकांची घ्या. नवी जाळी गुळगुळीत असते. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू निवडुंगासारख्या काटेरी होईपर्यंत ओरखडा. इथे आळस केला की शेवाळ धरतं आणि आठवड्याने सोलून पडतं.

पाऊण इंची पीव्हीसी पाइपला ६ इंच लांब आणि ३ मिलिमीटर रुंद खाच पाडा, जाळीची वरची कड तिच्यात सरकवून नायलॉन टायने बांधा. पाइपचं एक टोक बंद, दुसऱ्याला युनियन (हाताने खोलता येणारा जोड), म्हणजे साफसफाईला पाइप जाळीसकट निघेल. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह मात्र लावू नका. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, प्रवाळ मरतात.

पाण्याचा वेग रुंदीच्या दर इंचाला तासाला साधारण १३० लिटर लागतो, म्हणजे तुम्हाला ८००. पंपाच्या खोक्यावरचा आकडा खरा धरू नका, उंचीवर चढताना तो बराच घटतो. जाळीखाली १० लिटरची बादली धरा. ती ४५ सेकंदांत भरली पाहिजे.

दिवा सीएफएल असेल तर प्रत्येक बाजूला प्रत्यक्ष खर्चाचे १२ वॉट, ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी असतील तर त्याच्या निम्म्याने भागतं. पहिला आठवडा रोज ९-१० तास, मग हळूहळू १६ ते १८. या तासांत सगळी रात्र येईल असं पाहा. टाकीतले दिवे बंद असताना पीएच घसरतो, ती घसरण त्यामुळे कमी होते. जाळी आणि दिव्यामध्ये ॲक्रिलिकचं तावदान हवंच, कारण खारे शिंतोडे उडतात. या जोडणीला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, स्क्रबर नंतर.

पहिले दोन-तीन आठवडे जाळीवर फक्त तपकिरी चिकटा दिसेल. हिरवे केस नंतर येतात. नायट्रेट उतरायला महिना-दोन महिने लागतात, तोवर स्किमर (फेसाबरोबर कचरा बाहेर काढणारं यंत्र) काढू नका. त्यानंतरही दोघे एकत्र नांदू शकतात : स्किमर कचरा कुजायच्या आधी उचलतो, स्क्रबर कुजल्यानंतरचं विरघळलेलं घेतो.

सहा आठवडे झाले तरी जाळीवर काळपट, घाण वासाचा थर येतो. हिरवं काही नाही. – नाशिक

पाण्यात पोषण जास्त आणि उजेड तोकडा पडला की असंच होतं. दिवा जाळीच्या ३-४ इंच जवळ आणा, तास वाढवा आणि महिनाभर दर चार-पाच दिवसांनी खरवडा. काळा थर जाड झाला की खालच्या थराला उजेडच मिळत नाही, तो सडतो आणि घेतलेलं सगळं पाण्यात परत सोडतो.

याच्या उलट, पुण्याच्या वाचकाने पाठवलेल्या फोटोत पिवळट, रबरासारखा थर आहे. तिथे उजेड जास्त होतोय आणि पाणी कमी पडतंय. तास १० वर आणा, वेग मोजा. फॉस्फेट शोषणारी पावडर चालू असेल तर ती बंद करा. तीच शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेते आहे.

खरवडताना जाळी किती स्वच्छ करायची? नळाचं पाणी चालेल का? – कोल्हापूर

नळाचंच पाणी वापरा. जाळीत लपलेले, शेवाळ खाणारे बारीक किडे गोड्या पाण्याने मरतात. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने दोन्ही बाजू खरवडा, पण हिरवी लव राहू द्या. तारेच्या घासणीने लख्ख केली की पहिल्या दिवसापासून सुरुवात. सात ते दहा दिवसांचं अंतर ठेवा. "शेवाळ छान वाढलंय, राहू दे अजून" असं वाटेल. राहू देऊ नका. निघालेलं शेवाळ पिळून वजन लिहून ठेवलंत तर बिघाड नायट्रेटच्या चाचणीआधी कळतो.

पाणी पडद्यासारखं पडायचं, आता एका कोपऱ्यातून पिचकारी उडते. – पनवेल

खाचेत उजेड शिरला आहे. तिथे शेवाळ उगवून तोंड बुजलं. पाइपच्या दोन्ही बाजूंनी काळ्या रबराची पट्टी लावून खाच अंधारात ठेवा. टोकाला गोगलगाय अडकलेली नाही ना, तेही पाहा; पंपाच्या तोंडाशी स्पंज लावला की ती येत नाही.

समुद्र जवळच आहे. खडकावरचं शेवाळ आणि एखादा प्रवाळाचा तुकडा आणून लावला तर? – रत्नागिरी

शेवाळ आणायची गरज नाही. त्याचे बीजाणू तुमच्या टाकीत आधीच आहेत. फार घाई असेल तर काचेवरचं हिरवं शेवाळ जाळीवर चोळा. प्रवाळाला हात लावू नका. खडक बांधणारे कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर मेलेला पडला असेल तरीही उचलायचा नाही.

वीज चार-चार तास जाते. जाळीचं काय? – जालना

ओली जाळी एक-दोन तास तग धरते. त्याहून जास्त असेल तर ती टाकीच्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत ठेवा. संपमध्ये नको, अंधारात शेवाळ माशांच्या वाट्याचा प्राणवायू वापरतं. इन्व्हर्टरवर आधी टाकीतलं पाणी हलवणारा पंप, स्क्रबरचा दिवा सगळ्यात शेवटी. वीज गेल्यावर किती पाणी खाली येतं ते एकदा मुद्दाम पंप बंद करून पाहा आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवा.

जुन्या माहितीत उलटणाऱ्या तबकाचा स्क्रबर दिसतो. तो चांगला की धबधब्याचा? – नागपूर

तो मूळ नमुना. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पन्हळ भरून उलटली की लाटेसारखं पाणी आडव्या जाळीवर येतं. काम उत्तम, पण आवाज मोठा, आणि उलटणारा भाग मिठाने अडकतो. दिवाणखान्यात धबधबाच, म्हणजे वर सांगितलेला उभ्या जाळीचा स्क्रबरच, बरा.

वर्षभर स्क्रबर झकास चालला. आता नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पण प्रवाळ फिके पडले आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला तारांसारखा चिकटा आहे. – दुबई

शून्य हे यश नाही. तो चिकटा बहुधा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा आहे. बाकी सगळे उपाशी असतात तेव्हाच त्यांचं फावतं. स्क्रबरचे तास निम्मे करा, खाद्य वाढवा, पाणी बदलणं काही दिवस थांबवा. नायट्रेट ५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास स्थिरावलं की तास पुन्हा वाढवायचे, आठवड्याला एकच.