केळ्यातली लस परसात लावता येईल का?

प्रश्न : मी निवृत्त आरोग्यसेविका. लसीचा डबा खांद्याला लावून जव्हारकडचे पाडे पायी फिरले. बर्फ वितळला की जीव खालीवर व्हायचा. केळ्यातून लस देणार, असं फार वर्षांपूर्वी वाचलं होतं. त्याचं काय झालं? रोप मिळालं तर परसात लावीन म्हणते. पाच वर्षांचा नातू सुई दिसली की घर डोक्यावर घेतो.

उत्तर : ताई, केळं मागेच राहिलं, पण बटाटा माणसांनी खरंच खाल्ला. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स आर्न्टझेन यांच्या गटाने जनुक बदलून तयार केलेला, जुलाबाच्या जंतूचं एक प्रथिन असलेला बटाटा 1998च्या चाचणीत बाल्टिमोरमधल्या स्वयंसेवकांना दिला. तोही कच्चा, कारण शिजवला की प्रथिन बिघडतं. 11 पैकी 10 जणांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, वाढली. मग घोडं अडलं मात्रेवर. एका बटाट्यात प्रथिन जास्त, शेजारच्यात कमी. पोलिओचे दोन थेंब मोजून टाकणाऱ्या बाईला याहून जास्त काय सांगायचं!

म्हणून फळाचा नाद सोडून टोकियोत शास्त्रज्ञ हिरोशी कियोनो यांनी भात घेतला. पटकीविरुद्धचं (कॉलऱ्याविरुद्धचं) प्रथिन तांदळाच्या दाण्यात, दाण्याची पूड, पूड वजन करून पाण्यात. माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल 2021 साली आले. प्रथिन दाण्यात सुरक्षित राहतं, फ्रीज लागत नाही. तुमचा डबा हलका करील असं काही असेल, तर ते हे. अजून बाजारात नाही.

आणि हा भात बंदिस्त जागेत वाढवतात. कारण उघड्या शेतात घोटाळा होतो : 2002 साली अमेरिकेत नेब्रास्कात डुकरांच्या लशीसाठी लावलेला मका पुढच्या हंगामात सोयाबीनमध्ये आपोआप उगवला. त्यापायी सोयाबीनचा भलामोठा साठा नष्ट करावा लागला, कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला. तेव्हा परसात नको.

झाडात पिकली म्हणजे गरिबाला मिळाली, हेही मला पटत नाही. कावीळ-बीची लस आपल्याकडे आवाक्यात आली ती 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती इथेच, यीस्टमध्ये बनवली म्हणून. बियाणं आणि हक्क कुणाकडे, यावर भाताचंही ठरेल.

नातवाचा पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मात्र सुईनेच. त्याला मांडीवर घट्ट धरा, ‘दुखत नाही’ असं खोटं सांगू नका. केळं नंतर द्या.