मांडवीकाठचे नौदल युद्ध महाविद्यालय

प्रश्न : गोव्यातील वेरे येथील नौदलाच्या आवारात पूर्वी कॅडेट शिकत असत, असे वडील सांगतात. आता तेथे काय आहे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे. ‘आयएनएस मांडवी’ या तळावर 1986 पासून नौदल अकादमी होती. 2009 मध्ये ती केरळातील एळिमला येथे गेली. आता त्याच आवारात नौदल युद्ध महाविद्यालय आहे. 1988 साली मुंबईजवळच्या करंजा येथे स्थापन झालेली ही संस्था 2011 मध्ये गोव्यात आली आणि येथे नवशिके कॅडेट नव्हे, तर अनेक वर्षे सेवा केलेले अधिकारी सागरी रणनीतीचा अभ्यास करतात.

5 मार्च 2024 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी उद्घाटन केलेल्या नव्या इमारतीचे नाव ‘चोल’ असून, दक्षिण भारतातील राजा राजेंद्र चोलाने 1025 च्या सुमारास सुमात्रातील श्रीविजय साम्राज्यावर काढलेल्या सागरी मोहिमेचे भित्तिचित्र तेथे आहे. ज्या मांडवी नदीच्या मुखावर पोर्तुगिजांनी 1551 मध्ये रेईश मागूशचा किल्ला उभारला, तिच्याच काठी हे नाव कोरले जावे, याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते. आवार लष्करी असल्याने आत मुक्त प्रवेश नाही. किल्ला मात्र सर्वांना पाहता येतो.